फोनवर वाचून दाखवलेली पानं

‘संदर्भग्रंथ घरी नेता येणार नाहीत.’

बारामतीच्या आमच्या वाचनालयात कोशांच्या काचेच्या कपाटावर ही पाटी होती. कामाला लागले त्या दिवसापासून ती मला डाचत होती. कादंबरी घरी नेता येते, नाटक नेता येतं. पण ज्या पुस्तकात रोगाची, कायद्याची, जमिनीची, शब्दांची माहिती आहे, ते इथंच बसून वाचायचं. इथंच म्हणजे कुणी? ज्याला दुपार मोकळी आहे, सायकल आहे आणि ‘कुठं निघालीस?’ असं विचारणारं कुणी नाही, त्याने. पणदऱ्याला गोठ्यात शेण काढणाऱ्या बाईने कधी यायचं? जे ज्ञान घरी जाऊ शकत नाही ते कुलपातलं ज्ञान, असं माझं मत होतं आणि आहे.

आता तिथं संगणक आला आहे. त्याला टेलिफोनची तार जोडली आहे. सभासदांना लवकरच घरबसल्या जगातले कोश पाहता येतील, असं वाचनालयाच्या मंडळाने छापून कळवलं आहे. चांगलंच आहे. फक्त वाचनालयात फोनची लाइन एकच आहे. संगणक तारेवर बसला की फोन एंगेज, आणि तो दिवसभर तारेवर बसलेला असतो, कारण प्रत्येक पाहुण्याला तो दाखवावा लागतो. याच फोनवरून मी काही वर्षं लोकांना कोश वाचून दाखवत होते. ते काम बंद करा असं मला कुणी सांगितलं नाही. ते एंगेज होऊन बंद पडलं. मग मीही नोकरी सोडली. जे काम आता कुणी करत नाही ते काय होतं, हे एकदा लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप.

सुरुवात माझ्या हट्टाने झाली. पुस्तक घरी जाऊ शकत नसेल तर त्यातलं पान तरी फोनवरून जाऊ द्या, असं मी ग्रंथपालांना म्हटलं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. पांढरं धोतर, चष्म्याला दोरा, आणि आवाज असा की नुसती सूचना वाचली तरी लोक थांबून ऐकत. ते म्हणाले, “सुजाता, फोनवर पुस्तक वाचायचं म्हणजे पत्राने जेवण वाढण्यातला प्रकार.” पण त्यांनी नाही म्हटलं नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी दिल्या आणि फोन वाजू लागला.

या कामाचे नियम मी स्वतःच केले होते. फोन करणाऱ्याचं नाव विचारायचं नाही. प्रश्न त्याचा, कारणही त्याचंच. आधी पुस्तकाचं नाव आणि छापल्याचं साल सांगायचं, मग मजकूर. वाक्य संपलं की थांबायचं, पलीकडच्याला लिहू द्यायचं आणि शेवटी त्याच्याकडून सगळं परत वाचून घ्यायचं. पुस्तकात आहे तेवढंच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही. सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणायचं. हे शेवटचं सगळ्यात कठीण. वाचनालयातल्या माणसाला ‘माहीत नाही’ म्हणताना जीभ जड होते.

लोक काय वाट्टेल ते विचारत. इंदापूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलातून दोघांनी पैज लावून फोन केला होता, गोदावरी लांब की कृष्णा. मी साल सांगून वाचलं, गोदावरी. पलीकडे आरडाओरडा झाला आणि हरलेला माणूस फोनवर आला. “मॅडम, दुसऱ्या एखाद्या पुस्तकात बघा की! एवढं मोठं कपाट हाय म्हनं तुमचं!”

कोऱ्हाळ्याचे एक तात्या होते. त्यांची नजर गेली होती. सुनेकडून नंबर फिरवून घ्यायचे आणि रेडिओला फर्माईश करावी तसं म्हणायचे, “पोरी, आज हत्ती लाव.” मी प्राणिकोशातला हत्ती लावायची. वाचून झालं की विचारायचे, “पोटात किती दिस ऱ्हातंय म्हनलीस?” मी पुन्हा वाचायची, बावीस महिने. “आरं तिच्या! म्हस बरी मग.” दर वेळी हेच. पुढच्या खेपेला मगर. मंडळातल्या एका सदस्याने, हा काय सार्वजनिक फोनचा वापर झाला का, असं विचारलं, तेव्हा मी ताडकन म्हटलं होतं, “सार्वजनिकच आहे.”

आता पुस्तिकांबद्दल सांगावं लागेल, कारण सगळं तिथंच अडलं.

मी पुस्तिकांवर वाढले. माझे वडील माळेगावात कारखान्याच्या बॉयलरवर होते. सुट्टीच्या दिवशी जिथं सभा, जयंती, परिषद असेल तिथं ते चौकात ताडपत्री अंथरून पुस्तिका मांडायचे. धर्मांतर का केलं, हुंडा का नको, कूळकायदा म्हणजे काय, गंडेदोरे कशाला. पातळ, दोन टाचण्यांच्या, बोटांना शाई लागणाऱ्या. वाचायला शिकले ती त्या ताडपत्रीच्या कोपऱ्यावर बसून. आमच्या घरात जाड पुस्तक नव्हतं. पण जे होतं ते कालचं होतं, ताजं होतं, आणि कुणाला तरी लगेच उपयोगी पडावं म्हणून छापलेलं होतं.

वाचनालयात याच्या उलट. तिथं पुस्तिकेला जागा नाही. तिच्यावर नंबर टाकत नाहीत, तिची दाखल नोंद करत नाहीत. सरकारी खात्यांकडून, संस्थांकडून पुस्तिकांचे गठ्ठे यायचे आणि सुतळी बांधून माळ्यावर जायचे. त्या संदर्भाच्या कपाटात ठेवा म्हणून मी अण्णांशी कित्येकदा भांडले.

“पुस्तिकेला कणा नसतो, सुजाता. फळीवर उभी राहत नाही.”

“मग आडवी ठेवा.”

“आडवी ठेवली तर नाव दिसत नाही. नाव दिसत नाही ते सापडत नाही.”

“माळ्यावर सापडतं का?”

ते हसायचे. वाईट माणूस नव्हे. पण ज्या पुस्तकाला कातडी बांधणी आहे, कण्यावर सोनेरी अक्षरं आहेत, त्याचं म्हणणं पक्कं, अशी त्यांची श्रद्धा होती. चांगली पुस्तकं वाचून वाढलेल्या सगळ्याच माणसांची असते.

आणि मग ती.

तिचं नाव मला माहीत नव्हतं. इंदापूरच्या बाजूच्या एका गावातून दुपारी फोन यायचा, घरची माणसं रानात गेल्यावर. बारावी झालेली होती. बोलताना मध्येच पुस्तकी व्हायची, मध्येच गावची. पहिल्यांदा तिने बाळासाठी नावं विचारली होती. मी ‘अ’पासून सुरू केलं तर म्हणाली, “ताई, ‘क’वरनं वाचा, ‘अ’ची समदी सासूबाईंनी नापास केली.” पुढे बाळाला वरचं अन्न कधी द्यायचं, दात येताना ताप का येतो, असले प्रश्न. बाळ मांडीवरच असायचं. मी वाचत असताना ते तार ओढायचं आणि ती म्हणायची, “थांबा ताई, साहेबांना बी ऐकायचंय.” तिच्या फोनची मी वाट पाहू लागले होते.

एका दुपारी मी पणदऱ्याला एका व्याख्यानाला गेले होते. परत आले तर अण्णा खुशीत होते. “आज तुझा फोन मी घेतला. बाई घाबरलेली होती, मांडीवर बाळ कुरकुरत होतं. तूच पाहिजे म्हणत होती. मी म्हटलं, मी ग्रंथपाल आहे, विचारा.”

“काय विचारलं?”

“मैत्रिणीसाठी म्हणाली. मैत्रिणीच्या हातावर चट्टा उठला आहे, चिमटा काढला तरी कळत नाही. गावातल्या कुणीतरी महारोग म्हटलं आहे. तिच्या अंगावर पिणारं मूल आहे, त्याचं काय करावं? मी खंड काढला आणि पूर्ण नोंद वाचून दाखवली. संथ, थांबत थांबत. तिने सगळं लिहून घेतलं.”

“कुठला खंड?”

त्यांनी बोट दाखवलं. कातडी बांधणी, सोनेरी अक्षरं. मी तो टेबलावर घेतला. ‘महारोग’ हे पान उघडलं. रोग बरा होण्याची आशा फारशी धरू नये. रोग्याने वेगळं राहावं. रोगी मातेपासून मूल जन्मताच दूर करावं, तिचं दूध देऊ नये, सहवास टाळावा. मग मी पहिलं पान उघडलं. तो खंड आमच्या राज्याचं नाव मुंबई होतं तेव्हाचा होता.

“साल सांगितलंत का अण्णा?”

“साल?” ते म्हणाले. “ती मैत्रिणीबद्दल विचारत होती. इतिहासाबद्दल नाही.”

मी शिडी लावून माळ्यावर चढले. आरोग्य खात्याच्या पुस्तिकांचा गठ्ठा मला माहीत होता, मीच सुतळी बांधली होती. ‘कुष्ठरोग’ हे नाव, वर साधं चित्र. हा रोग पूर्ण बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून रोग पसरत नाही. आईने बाळाला दूध पाजत राहावं. नवी होती, शाईचा वास अजून गेला नव्हता. मी ती अण्णांच्या समोर खंडावर ठेवली. अण्णांनी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग म्हणाले, “तिला फोन कर.”

“नंबर नाही. नाव नाही.”

“का नाही?”

नाव न विचारण्याचा नियम माझा होता, त्याचा मला अभिमान होता, आणि आजही तो नियम मी चूक मानत नाही. नाव विचारलं असतं तर तिने फोनच केला नसता. पण त्या संध्याकाळी आम्ही दोघं त्या फोनकडे बघत बसलो होतो आणि तो वाजत नव्हता.

त्यानंतरही तिचा फोन आला नाही. दुपारी वाजलेला प्रत्येक फोन मी धावत घ्यायची. कोऱ्हाळ्याचे तात्या म्हणायचे, “दमलीस का गं? आज कासव लाव, सावकाश.”

मला एकच हत्यार चालवता येत होतं. मी पत्रक लिहिलं. कुष्ठरोग, म्हणजेच महारोग, बरा होतो; औषध फुकट मिळतं; आईला बाळापासून तोडू नका. आणि शेवटी एक वाक्य: ‘बारामतीच्या वाचनालयातून फोनवर या रोगाबद्दल वाचून दाखवलेली माहिती जुनी व चुकीची होती.’ मंडळात गदारोळ झाला. वाचनालयाची बदनामी म्हणाले, हे वाक्य काढा म्हणाले. अण्णा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी एवढंच सांगितलं, “वाक्य राहील. खाली माझं नाव घाला. तिने माझा आवाज ऐकला आहे.”

ते पत्रक मी इंदापूरच्या बाजारात वाटलं. भाजीच्या पाट्यांपुढे, बांगड्यांच्या दुकानाशी, एसटीत चढून बायकांच्या हातात. लोक ‘महारोग’ शब्द वाचून पत्रक टाकून द्यायचे आणि हात कपड्यांना पुसायचे. एक म्हातारी म्हणाली, “बाई, तुला झालाय का?” मी म्हटलं, “नाही.” “मग कशाला अंगाला लावून घितीस?” आसपासच्या गावांत अंगणवाडीच्या ताईंना गठ्ठे दिले. वडील निवृत्त झाले होते. त्यांनी जुनी ताडपत्री काढली आणि बाजाराच्या तोंडाशी अंथरली.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या, आणि एके दिवशी फोनवर तिचा आवाज आला. “ताई, मी बोलतीय.”

बाळाचा आवाज नव्हता.

ती माहेरी होती. अण्णांनी वाचलेलं तिने त्या दिवशी कागदावर उतरवून घेतलं होतं आणि रात्री नवऱ्याला, सासूला स्वतःच वाचून दाखवलं होतं. लपवायचं नाही म्हणून. बारामतीच्या पुस्तकात असं आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी तिने बाळ थोरल्या जावेच्या मांडीवर दिलं आणि भावाबरोबर निघून आली. कुणी हाकललं नाही. “मीच आले ताई. पुस्तकातच हुतं तसं.” पत्रक तिला अंगणवाडीच्या बाईकडून मिळालं. सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, बाळाकडे जायला काही हरकत नाही म्हणाले. नवरा म्हणाला, आई म्हणेल ते. आणि सासू तिचा आवाज ऐकला की फोन ठेवत होती.

“तुमी वाचून दाखवा त्यांना,” ती म्हणाली. “सासूबाई पुस्तकाला मानतात. पुस्तकाचं म्हनून तर मला जाऊ दिलं. माझं ऐकायच्या न्हाईत, पन वाचलेलं ऐकतील.” आणि तिने आपण होऊन सासरच्या घराचा नंबर सांगितला.

आम्ही कधी कुणाला आपण होऊन फोन करत नव्हतो. मी केला. दुपारीच केला. म्हातारीने उचलला. मी बारामतीचं वाचनालय म्हटल्यावर ती म्हणाली, “वाचा.”

मी पुस्तिकेचं नाव सांगितलं, साल सांगितलं, आणि वाचलं. एकेक वाक्य. थांबत. ती प्रत्येक वाक्याला “हां” म्हणत होती. बाळाला दूध पाजत राहावं, या वाक्याशी म्हणाली, “ह्ये पुन्यांदा वाचा.” मी पुन्हा वाचलं. मला वाटलं, जमलं.

“संपलं?” तिने विचारलं.

“संपलं.”

“मागल्या टायमाला तुमच्याच हितनं वाचलं हुतं न्हवं?”

“हो. ते पुस्तक जुनं होतं. चुकलं. त्यानंतर औषध निघालं. पुस्तकं बदलतात, आजी.”

“व्हय. बदलत असतील.” तिच्या आवाजात राग नव्हता. “पर तवा बी तुमी असंच ठासून वाचलं आसंल. तवा खोटं वाटलं न्हाय. आता बी वाटत न्हाय. मी कोंचं खरं धरू? उद्या आनि नवं छापतील.”

“आजी, दवाखान्यात विचारा. डॉक्टर सांगतील.”

“पोरी, वाईट वाटून घिऊ नगंस. तुमी वाचनारी मानसं, रोज इचारता, रोज बघता. आमाला एकदाच इचारायची सवय हाय. त्या वख्ताला माझी सून हुंदका न काढता पोरगं दुसरीच्या मांडीवर ठिवून गेली. मी बघितलंय. पोरगं आठ दिस रडलं. ते बी बघितलंय. आता कुठं थोरलीच्या मांडीवर रुळलंय. पुन्हा उचलून इकडचं तिकडं मी करायची न्हाय.”

“ती त्याची आई आहे.”

“मला ठाव हाय,” ती म्हणाली. “म्हनूनच तर. पुन्यांदा तोडायला लागलं तर?”

मग तिने फोन ठेवला, पण रिसीव्हर नीट बसला नाही. कसलीशी भांडी वाजली. मग एक मूल बोललं. चालायला लागलेल्या मुलाचा पाय आपटल्यासारखा आवाज आला आणि ते स्वच्छ म्हणालं, “आई.” एक बाई म्हणाली, “ओ, आले राजा.” तो आवाज मला अनोळखी होता, थोरल्या जावेचा असावा.

दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळेला माहेरहून फोन आला. मी तिला म्हातारीचं बोलणं सांगितलं, शब्दाला शब्द, पदरचं न घालता. शेवटी तिने विचारलं, “बाळाचा आवाज आला का हो?”

“आला.”

“काय म्हनत हुता?”

अण्णा समोरच्या टेबलाशी बसले होते. त्यांनी मान वर केली.

“आई म्हणत होता,” मी म्हटलं.

ती इतकी हसली की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. “मग विसरला न्हाय! ताई, विसरला न्हाय तो! मी म्हनत हुते ना!”

त्यापुढचं मी सांगितलं नाही.